दुसऱ्यांदा विचारेपर्यंत

गुलाबपाणी कमी पडलं, या एका गोष्टीवर बतूलअम्मे कब्रस्तानाच्या फाटकापासून थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत एकटी बोलत आली. नुसरतआगा तिचा थोरला भाऊ; इरज आणि फरंगीसचे वडील, म्हणून ती त्यांची अम्मे, आत्या. त्यांना जाऊन आज वर्ष झालं होतं, आणि वर्षाच्या दिवशी कबर नुसती ओली करायची नसते, न्हाऊमाखू घालायची असते, असं तिचं म्हणणं.

"एक बाटली!" गाडीत पुढच्या सीटवरून मागे न बघता ती म्हणाली. "मोज्यांच्या कारखान्याचा मालक गेला, आणि त्याच्या दगडावर एक बाटली. शेजारच्या दगडाखाली साधा शाळेतला शिपाई झोपलाय, त्याला तिघी सुनांनी आंघोळ घातली."

"अम्मे, हल्ली बाटलीचा भाव ऐकलात का?" गाडी चालवता चालवता इरज म्हणाला.

"का रे? गुलाबसुद्धा अमेरिकेच्या परवानगीनं फुलायला लागले?"

मागच्या सीटवर फरंगीसला हसू आलं आणि तिनं ते खिडकीकडे तोंड करून काचेवर सोडलं. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला इरजची बायको मिनू, आणि मधे मामान, म्हणजे इरज-फरंगीसची आई तूरानखानुम. तिच्या मांडीवर उरलेल्या खजुरांचा वाडगा होता आणि तो सांडू नये एवढंच जणू तिला जगात काम होतं. सकाळपासून ती बोललीच नव्हती. इस्फहानच्या नदीवरच्या पुलावरून जाताना इरजनं सवयीनं गाडी जरा हळू केली, सगळ्यांनी सवयीनं खाली पाहिलं. नदीत पाणी नव्हतं. पुलाच्या कमानींखाली दोन मुलं सायकल फिरवत होती.

चार वाजता होशंगचा फोन यायचा होता. तोवर जेवणं उरकायची, पाहुणे वाटेला लावायचे, आणि घरची माणसं तेवढी उरली की यंत्राचं ठरवायचं, असं इरजनं सकाळीच सांगून ठेवलं होतं. भंगारवाला उद्या शनिवारी टेम्पो घेऊन येणार होता. थोरल्या भावानं हो म्हटलं की झालं. आणि तो हो म्हणणार, याची इरजला खात्री होती. गेल्या सात वर्षांत होशंग कशालाच नाही म्हणाला नव्हता. आलाही नव्हता.

कारखाना म्हणजे अंगणापलीकडची लांबट खोली. नुसरतआगांनी शाहच्या काळात जर्मनीहून यंत्रं आणली, तेव्हा सुया मागवायला एक पत्र पुरायचं. महिनाभरात तेलकट कागदात गुंडाळलेली पुडी दारात हजर. मग इराणवर निर्बंध आले आणि बँका पैसे पाठवेनात. मग दुबईतला एक दलाल मधे आला, मग तोही फोन उचलेना. तेव्हा हाम्बुर्गमध्ये नोकरीला असलेल्या होशंगनं तिकडे स्वतःच सुया विकत घ्यायला सुरुवात केली. इस्फहानला येणाऱ्या कुणाचीही बॅग त्याच्या तावडीतून सुटायची नाही. डॉक्टरीणबाईंच्या चॉकलेटच्या डब्यात सुया, नव्या नवरीच्या सँडलमध्ये सुया, एकदा तर एका तान्ह्या बाळाच्या दुपट्यात. परतताना त्याच बॅगांमधून सुकी लिंबं, पिस्ते आणि नुसरतआगांचे मोजे जायचे.

पोस्टानं पाठवलेली एकच पेटी अडकली. या सुया कशासाठी, असं तिकडच्या कचेरीत होशंगला विचारलं. मोज्यांसाठी, तो म्हणाला. आणखी कशासाठी वापरता येतात? यावर होशंग हसला, आणि तिथंच चुकला. पुढच्या आठवड्यात त्याच्या साहेबानं त्याला बोलावून घेतलं. आपला धंदा अमेरिकेशीही आहे, साहेब म्हणाला, तू त्या देशापासून जरा लांबच राहिलास तर सगळ्यांचंच बरं. होशंग लांब राहिला. इतका, की बापाच्या मातीलाही आला नाही. फोनवर नुसता रडला.

तेव्हापासून इरज एका यंत्राचे अवयव काढून दुसऱ्याला लावत आला होता. चिनी सुया आठवडाभर टिकत आणि जाताना शेजारणीला घेऊन जात. आता भिंतीशी सांगाडे उभे होते आणि एकच यंत्र चालत होतं, तेही एका सुईवाचून. सुई एक नसली की मोज्याला तळव्यापासून पोटरीपर्यंत उभी फट पडते. ते मोजे इरज शुक्रवारच्या बाजारात 'हवेशीर' म्हणून विकत होता.

*

जेवायला डाळ-मटणाचा रस्सा आणि केशराचा भात होता. पाहुणे जेवले, फातिहा म्हणाले, बुटांत पाय घालता घालता दारात अर्धा तास उभे राहिले आणि गेले. मग घरची माणसं बसली. मिनूनं भाताचा चमचा अम्मेच्या ताटावर धरला.

"नको गं, पोट भरलं."

"अम्मे, काय जेवलात तुम्ही? चिमणीएवढं."

"मेले तरी नको."

"माझ्या जिवाची शपथ."

"शपथ घातलीस, आता काय बोलणार," अम्मे म्हणाली. तिचं ताट पहिल्या 'नको'च्याही आधी पुढे सरकलेलं होतं.

"तळाची खरपुडीही द्या अम्मेंना," इरज म्हणाला. "होशंगच्या वाटणीची."

"त्याच्या वाटणीची कशाला? त्याला तिकडे काय कमी आहे? डुकराचं मांस, बटाटे." अम्मेनं खरपुडी घेतली. "वर्षाला नाही आला. बापाच्या वर्षाला! मोजेवाल्या जुराबची खानदानात असा कुणी निघाला नव्हता. तुझा बाप गं फरंगीस, थंडी पडली की पहिला जोड त्याच्या मापाचा काढून ठेवायचा. पेटीत पडलेत ते जोड. पाच-सहा तरी असतील. कसर लागायची आता."

"अम्मे, त्याची नोकरी जाईल," फरंगीस म्हणाली.

"नोकरी!"

"आब्जी, तू नेहमी त्याची बाजू घेतेस," इरज बहिणीला म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण चमचा खाली ठेवला गेला होता. "नोकरी जाईल, मान्य. येऊ नको, ठीक. पण येऊ का, असं विचारायला काय जात होतं? माणूस विचारतो तरी. आम्ही म्हटलं असतं, नको रे दादाश, तुझी अडचण कळते आम्हाला. मन राहिलं असतं. त्यानं साधं विचारलंही नाही."

मिनूनं मान डोलावली. मिनू सहसा दिराबद्दल बोलत नसे, पण कारखान्यातले मोजे जोडी लावून, फट आतल्या बाजूला दडवून पुड्या बांधायचं काम तिचं होतं, आणि ते करून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. तिथं शिवणाचे वर्ग काढायचे, असं तिच्या मनात होतं. "विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

तूरानखानुम उठली. "हलवा मांडते," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

ताट अजून अर्धं होतं तिचं. फरंगीसनं ते पाहिलं आणि ती मागोमाग गेली.

*

हलव्याची परात ओट्यावर होती. मामान चमच्याची पाठ दाबून दाबून त्यावर पानं उमटवत होती, एका पानाला लागून दुसरं पान, जसं ती फरंगीसच्या लहानपणापासून करत आली होती. आज पानं एकमेकांवर चढत होती.

"मामान, द्या, मी करते."

"नको."

"द्या ना."

मामाननं चमचा दिला नाही. थोडा वेळ तिनं बदामाचे काप खोचले, आणि मग हलव्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "त्यानं विचारलं होतं."

"कुणी?"

"होशंगनं. महिना झाला. तू शाळेत शिकवायला गेली होतीस, इरज बाजारात होता. म्हणाला, मामान, बाबांच्या वर्षाला येऊ का?"

फरंगीसच्या हातातली बशी हातातच राहिली. "मग?"

"मग काय. म्हटलं, नको रे सोन्या, कशाला जिवाला त्रास, तुझं काम आहे, आम्ही सगळे आहोत इथं."

"नको म्हणालात? का?"

मामाननं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरच आश्चर्य होतं. "का म्हणजे? पहिल्याच खेपेला कुणी हो म्हणतं का?"

बाहेर अम्मे कुठल्याशा शेजाऱ्याच्या सुनेविषयी बोलत होती. फरंगीसनं बशी खाली ठेवली.

"आणि मग फोन तुटला," मामान म्हणाली. "तू बघितलंयस ना कसा तुटतो. मी तसाच कानाला धरून बसले. म्हटलं, लावेल पुन्हा, विचारेल पुन्हा. दुसऱ्यांदा मी म्हटलं असतं, अरे पण तुझे साहेब? तिसऱ्यांदा म्हटलं असतं, तुझं पाऊल माझ्या डोळ्यांवर. मनात सगळं तयार होतं माझ्या. दोन दिवसांनी लागला फोन, तर तो हवापाण्याचं बोलायला लागला. मी तरी कसा काढणार विषय? आपणच आपल्याला बोलावून घेतल्यासारखं."

"मामान, तो अठ्ठावीस वर्षं तिकडे आहे. तिकडे एकदाच विचारतात."

"जर्मन विचारत असतील. हा माझ्या पोटचा आहे."

"त्याला वाटलं, तुम्हाला नकोय."

"त्याला वाटलं?" मामाननं चमचा हलव्यात उभा खुपसला. पान गेलं. "आणि मला काय वाटलं ते? एकदा विचारलं म्हणजे रीत पाळली. मनापासून असतं तर माणूस पुन्हा विचारतो. मी वाट बघितली, फरंगीस. त्यानं विचारलं नाही. म्हणजे त्याला यायचं नव्हतं, मी नको म्हटल्यावर बरं वाटलं असेल बिचाऱ्याला. असंही असेल ना? मला काय कळणार, त्याचं तोंड तरी दिसतं का मला?"

फरंगीसनं ओट्यावर सांडलेले बदामाचे काप गोळा केले. पूर्वी, ट्रंककॉलच्या दिवसांत, फोन महाग होता पण तुटत नसे. ओरडून ओरडून बोलायचे, पण तिन्ही वेळा विचारायचे. आता फोन अॅपवरून व्हायचा; इकडचं सरकार ते अॅप अडवायचं आणि तिकडची कंपनी इथल्या नंबरांना सेवा द्यायची नाही. दोन बंद दारांच्या मधल्या फटीतून होशंगचा आवाज यायचा, जेवढा येईल तेवढा. त्यात एक प्रश्न आणि एक उत्तर मावायचं. आईला हव्या होत्या त्या बाकीच्या दोन खेपा त्या फटीत अडकल्या होत्या.

"कुणाला सांगू नकोस," मामान म्हणाली. "इरजला तर नाहीच."

"सांगायची गरज नाही," दारातून आवाज आला. बतूलअम्मे रिकामा ग्लास घेऊन पाण्याला आली होती, आणि किती वेळ उभी होती ते तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

*

बैठकीच्या खोलीत अम्मे आली ती ग्लास तसाच रिकामा घेऊन.

"इरज! तुझ्या भावानं विचारलं होतं. तुझ्या आईनं नको म्हणून सांगितलं."

मग जे व्हायचं ते झालं. एक वर्षभर होशंगविरुद्ध एकजुटीनं बसलेली खोली भराभर उठून दुसरीकडे बसली.

"मामान?" इरज म्हणाला. "खरं?"

तूरानखानुम हलव्याची परात घेऊन उभी होती. ठेवायला जागा कुणी करून देईना.

"मी महिनाभर त्याला शिव्या देतोय. काल रात्री मिनूला म्हटलं, असला भाऊ असण्यापेक्षा नसलेला बरा. आणि तुम्ही गप्प?"

"माझ्या भावाचा मुलगा," अम्मे म्हणाली, जिनं दहा मिनिटांपूर्वी त्याला डुकराचं मांस खाऊ घातलं होतं, "परदेशात बसून तळमळतोय, आणि आई म्हणते नको. काय दगडाचं काळीज म्हणावं तुमचं, तूरानखानुम!"

"अम्मे, पुरे," मिनू म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मिनूनं उठून सासूच्या हातातली परात घेतली आणि फोटोसमोर ठेवली, काळी रिबीन लावलेल्या नुसरतआगांसमोर.

"मामाननी काय वेगळं केलं?" ती म्हणाली. "आत्ता तुम्ही भात घेतलात ना अम्मे? कितव्या खेपेला घेतलात? आणि मी लग्नात हो म्हटलं ते कितव्या खेपेला? पहिल्यांदा विचारलं तेव्हा मैत्रिणी ओरडल्या, नवरी फुलं तोडायला गेलीय. दुसऱ्यांदा विचारलं, तर म्हणाल्या गुलाबपाणी आणायला गेलीय. काझीनं पहिल्या खेपेलाच पुस्तक मिटून टाकलं असतं तर? इरज अजून आईच्या हातचं जेवला असता."

"ते मी अजूनही जेवतो," इरज पुटपुटला. पण त्याचा आवाज खाली आला होता.

"फुलं तोडायला," तूरानखानुम स्वतःशी म्हणाली. ती कोपऱ्यातल्या गादीवर बसली. "हो. मी फुलं तोडायला गेले होते."

"आज चारला फोन येईल तेव्हा सांगा मग," फरंगीस म्हणाली. "स्पष्ट सांगा. ये म्हणा."

"आणि तो म्हणाला, नाही जमत? इतक्या जणांसमोर?"

"तर निदान कळेल."

"मला कळायला नकोय," मामान म्हणाली. इतक्या हळू, की अम्मेनंसुद्धा ऐकू आलं नाही असं केलं.

इरजनं घड्याळ पाहिलं आणि फोन चार्जिंगला लावला.

*

फोन चारला आला नाही. अर्ध्या तासानं आला. तोवर सगळ्यांनी आळीपाळीनं उठून फोनमध्ये रेंज आहे का ते पाहिलं होतं, आणि अम्मेनं तिसरा चहा दोनदा नाकारून घेतला होता. इरजनं फोन बापाच्या फोटोला टेकवून ठेवला आणि आवाज मोठा केला.

"अलो? अलो? ऐकू येतंय का?"

"येतंय दादाश, बोल! सलाम!"

"सलाम, सलाम सगळ्यांना. मामान कशा आहेत? अम्मे आल्यात का? तुमच्या पायाची धूळ, अम्मे. नदीत पाणी आहे का?"

तो नेहमी हेच विचारायचा. हाम्बुर्गात त्याच्या खिडकीखालून बारा महिने काठोकाठ नदी वाहायची, फरंगीसला त्यानं एकदा फोटो पाठवला होता, त्यावर लिहिलं होतं: ही दुसऱ्यांची.

"नाही रे," इरज म्हणाला. "कोरडी आहे."

"अच्छा." लाइन खरखरली. "कब्रस्तानात जाऊन आलात?"

"आलो. तुझी जागा रिकामी होती."

हे इथं सगळेच म्हणतात, जेवणाला न आलेल्यालाही म्हणतात. पण आज इरजनं ते शब्दशः म्हटलं, आणि फोटोसमोरची परात उगाच सरळ केली. "दादाश, ते यंत्राचं. उद्या माणूस येतोय. तुझं काय म्हणणं?"

"तुम्ही ठरवाल ते. तिथं घाम तू गाळतोस, मी कोण बोलणारा."

"नाही, तू मोठा आहेस."

"जशी तुमची मर्जी, इरजजान. माझी काही हरकत नाही."

फरंगीसनं भावाचा आवाज ऐकला. हरकत नाही, असं म्हणताना तो ज्या सावकाशीनं म्हणाला, त्यात सगळी हरकत होती. इरजलाही ऐकू आली असावी, कारण तो फोनकडे न बघता अंगणापलीकडे बघायला लागला. पण त्याला हो मिळालं होतं. आता आणखी काय विचारणार?

"बरं, मग ठेवू?" होशंग म्हणाला. "लाइन कधी जाईल सांगता येत नाही. मामान, जीव ओवाळून टाकतो तुमच्यावरून. काळजी घ्या."

फरंगीसनं आईकडे पाहिलं. मिनूनं पाहिलं. अम्मेच्या हातातली जपमाळ थांबली. तूरानखानुम गादीवरून उठली, गुडघ्यावर हात दाबून, फोटोपर्यंत चालत गेली, आणि फोन उचलून तोंडासमोर आरशासारखा धरला.

"होशंग."

"हां, मामान."

"ये."

खोलीत कुणीतरी श्वास ओढला. बाईनं असं बोलायचं नसतं, ना वेळ ना वळण, भिकाऱ्यासारखं एका शब्दात मागायचं. पंच्याहत्तर वर्षांत तूरानखानुमनं पाण्याचा ग्लाससुद्धा असा मागितला नव्हता.

"काय म्हणालात?"

"ये म्हणते. इथं ये. घरी."

खरखर. मग होशंगचा आवाज, अगदी जवळून आल्यासारखा. "मामान, मी विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात."

"तेव्हा मी फुलं तोडायला गेले होते," तूरानखानुम म्हणाली. "आता आलेय."

तिकडून जो आवाज आला, तो हसण्याचा की दुसरा कसला, ते त्या फोनवर कळण्यासारखं नव्हतं.

"मामान, एक सांगू?" तो म्हणाला. "मी दुसऱ्यांदा विचारणार होतो. फोन तुटल्यावर मी लगेच लावू शकलो असतो. नाही लावला. मला भीती वाटली."

"कसली?"

"तुम्ही हो म्हणाल याची. मग मला यावं लागलं असतं, आणि मला... इथं विचारतील ते. पासपोर्टावर शिक्का दिसला की विचारतील, कशाला गेला होतास, काय नेलंस, काय आणलंस. वय साठीला आलं माझं. आता नोकरी गेली तर दुसरी कोण देणार? पण तुम्ही नको म्हणालात ना, आणि मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून मग महिनाभर झोप नाही."

इरजनं तोंडावर हात धरला होता. अम्मे जमिनीकडे बघत होती.

"विचारू देत," तूरानखानुम म्हणाली. "ते लोक कितीदा विचारतात?"

"म्हणजे?"

"तिकडे एकदाच विचारतात म्हणे. फरंगीस म्हणते. मग एकदाच सांगायचं. आईकडे गेलो होतो."

उत्तर आलं नाही. सगळ्यांनी माना पुढे केल्या. फोनचा पडदा काळा झाला होता. लाइन गेली होती.

"ऐकलं का त्यानं?" मामान म्हणाली. "शेवटचं ऐकलं का?"

कुणालाच माहीत नव्हतं. तिनं फोन दोन्ही हातांत धरला आणि उभीच राहिली. मिनूनं खुर्ची आणली, ती बसली नाही. फरंगीसला आठवलं, होशंग गेला त्या दिवशी विमानतळाच्या काचेपाशी मामान अशीच उभी होती, हातात पाण्याचा वाडगा घेऊन. प्रवाशामागे पाणी टाकायचं असतं, तो पाण्यासारखा वाहत परत येतो. पण आत पाणी न्यायला परवानगी नव्हती, आणि काचेबाहेर फरशी पुसलेली होती. तो वाडगा तिनं भरलेला घरी परत आणला होता.

फोन वाजला.

तिच्या हातातून तो जवळजवळ निसटलाच. इरजनं झेप घेऊन बटण दाबलं.

"अलो! दादाश!"

"इरज, ऐक, घाईत बोलतो, पुन्हा जाईल." होशंग धापा टाकत होता, जिना चढल्यासारखा. "ते जे चालतंय ना यंत्र, खिडकीजवळचं. त्याला सुया कुठल्या लागतात? नंबर काय? पुडी खिशातच घालून आणतो, बॅगेत नको. नंबर सांग."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग सगळ्यांनाच एकदम कळलं. मिनूनं फरंगीसचा दंड धरला. अम्मे म्हणाली, "या खुदा!" आणि इरज, ज्याचे डोळे भरून आले होते, ज्याला भावाला मिठी मारायची होती आणि मारायला समोर फक्त एक फोन होता, तो इरज छातीवर हात ठेवून, मनापासून, लहानपणापासून जसं शिकवलं तसं म्हणाला,

"अरे नको नको दादाश, कशाला उगाच त्रास..."

टुक्, असा आवाज झाला. पडदा काळा.

चहाच्या समोवारात पाणी तेवढं खदखदत राहिलं.

"गाढवा," बतूलअम्मे म्हणाली.

"मी... ते तोंडातून... मी तसं नव्हतं म्हणत!" इरजनं फोन हलवला, उलटा केला, कानाला लावला. उलट लावायला गेला, तर लागेना. "त्याला कळेल ना? आब्जी, त्याला कळेल ना मला काय म्हणायचं होतं?"

फरंगीसनं आईकडे पाहिलं. मगाशी असल्याच प्रश्नाचं उत्तर तिच्या आईला मिळालं नव्हतं.

तूरानखानुम मात्र चिडली नाही. तिनं इरजच्या हातातला फोन काढून घेतला, ओढणीच्या टोकानं पुसला, आणि पुन्हा नवऱ्याच्या फोटोला टेकवून ठेवला.

"तो लावेल," ती म्हणाली. "आता त्याची पाळी आहे दुसऱ्यांदा विचारायची. तू जा, नंबर बघून ये."

इरज मोज्यांतच अंगणातून धावला. कारखान्याचा दिवा लागला. खिडकीतून तो यंत्रावर वाकलेला दिसत होता, शर्टाच्या टोकानं काहीतरी पुसताना, नुसरतआगांचं भिंग डोळ्याला लावताना. मग तो तसाच धावत परत आला, वाण्याकडे पाठवलेलं पोर विसरू नये म्हणून जसं वाटभर घोकत येतं तसा घोकत.

"अठ्ठेचाळीस, पासष्ट. अठ्ठेचाळीस, पासष्ट."

"पाठ करा सगळ्यांनी," मामान म्हणाली. "जो उचलेल त्यानं सलाम नाही करायचा, तब्येत नाही विचारायची. आधी नंबर सांगायचा. आणि इरज, त्या भंगारवाल्याला फोन कर."

"काय सांगू?"

"नको म्हणून सांग. एकदाच."

मिनूनं चहा ओतला आणि कुणालाही न विचारता प्रत्येकासमोर ठेवला. कुणीही नको म्हटलं नाही. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं, डाळिंबाच्या झाडावरून उतरलं. कारखान्यातला दिवा इरज तसाच ठेवून आला होता. फरंगीस मनातल्या मनात नंबर म्हणत होती, आणि मधेच तिला पेटीतले ते पाच-सहा जोड आठवले, फट नसलेले, बाबांच्या हातचे. उद्या उन्हात घालायला हवेत.

फोन अजून वाजला नव्हता. सगळे त्याच्याभोवती बसले होते, आणि खोलीत एकच आवाज होता. बतूलअम्मे डोळे मिटून जपमाळ ओढत होती, ओठ हलत होते, एकेका मण्यावर, सावकाश, भक्तिभावानं:

"अठ्ठेचाळीस, पासष्ट. अठ्ठेचाळीस, पासष्ट."